सोलापूरजवळ हिवाळ्यात मित्रांसोबत जिओकॅशिंगचा दिवस कसा आखावा?

आपण विचारले आहे की जानेवारीत चार-पाच मित्र सोलापूरला येणार आहेत, त्यांच्यासोबत एक दिवस जिओकॅशिंगमध्ये घालवावा का आणि त्याची तयारी कशी करावी. माझे उत्तर असे की जरूर घालवावा. मात्र हा दिवस रंगणे न रंगणे हे फोनपेक्षा डबा लपवणाऱ्यावर अधिक अवलंबून असते, म्हणून मी त्याविषयीच जास्त लिहीत आहे.

खेळ सोपा आहे. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतरांना देतो, आणि शोधणाऱ्यांनी तो हुडकून आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची, मग डबा होता तसाच, होता तिथेच ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतली, तर तितक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवायची. २ मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम त्रुटी ठेवलेली होती, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. ती त्रुटी काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि तिथून हा खेळ सुरू झाला. आजही उघड्या माळावर फोन आपल्याला पाच-दहा मीटरपर्यंतच आणून सोडतो. तिथून पुढे डोळ्यांचे काम असते.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही पाच जण मंद्रूपच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरात त्या दिवसांत गर्दी असते आणि शेतात मालदांडी ज्वारी हुरड्याला आलेली असते, त्यामुळे बाहेर पडायला याहून चांगली वेळ नाही. इतरांनी आधीच लपवून ठेवलेल्या डब्यांवर विसंबून न राहता आम्ही स्वतःच चार डबे ठेवायचे ठरवले. दोघांनी आदल्या दिवशी जाऊन ते लपवले आणि उरलेल्या तिघांनी शोधले. लपवणाऱ्यांपैकी एक मी होतो.

पहिल्याच डब्याला माझी चूक भोवली. मी अक्षांश दशांश अंशात, म्हणजे १७.५२० असा लिहून दिला होता, तर मित्राने तो १७ अंश ५२.० मिनिटे असा भरला. खरे तर १७.५२० म्हणजे १७ अंश ३१.२ मिनिटे होतात. फोन त्यांना सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला, थेट सोलापूर शहराच्या पलीकडे जायला सांगू लागला. म्हणून कोणती पद्धत वापरायची हे सर्वांनी आधीच ठरवावे. अंश आणि दशांश मिनिटे ही या खेळातली रूढ पद्धत आहे. त्यात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात सुमारे १.८५ मीटर होतो, एवढे लक्षात ठेवले की शेवटच्या अंकाचा अर्थ नीट कळतो. नोंद घेताना दाट झाडाखाली किंवा दगडी भिंतीला लागून घेतलेल्या एकाच वाचनावर विश्वास ठेवू नये. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन वाचने घेऊन त्यांची सरासरी काढावी.

दुसरा डबा बांधावरच्या बाभळीजवळ होता आणि दिवसभरातला सर्वांत चांगला तोच ठरला. माझ्या सहकाऱ्याने झाकणाला पकडी असलेला प्लास्टिकचा डबा जुन्या सोलापुरी चादरीच्या मातकट तुकड्यात गुंडाळून बांधाच्या दगडांमध्ये ठेवला होता. तिघे जण वीस मिनिटे त्याच्याभोवती फिरले, कपड्यांना कुसळे चिकटली, आणि अखेर एकाच्या ध्यानात आले की सगळ्या दगडांवर धूळ साचलेली आहे, पण एकच दगड स्वच्छ आहे. डबा खणून पुरायचा नाही हा खेळाचा नियम आहे, आणि तो पाळला की लपवणाऱ्याला जागेचा असाच बारकाईने विचार करावा लागतो. आत पेनऐवजी पेन्सिल ठेवा, कारण ती वाळत नाही. खाण्याचे पदार्थ मुळीच ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर लगेच येतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत. काळ्या जमिनीच्या भेगांत, दगडांच्या फटीत किंवा कडब्याच्या गंजीत हात घालून शोधायला लागेल असा डबा कधीही लपवू नका, आणि शोधतानाही आधी काठीने चाचपून पाहा.

दुपारी आगटीपाशी बसून हुरडा झाला. भाजलेली कणसे हातावर चोळून काढलेले गरम दाणे, शेंगांची चटणी आणि गूळ, यांवर ताव मारल्यावर तासभर कोणीही उठले नाही. वेळापत्रकात हा तास धरूनच ठेवा.

चौथ्या डब्यासाठी आम्ही हत्तरसंग कुडलला, भीमा-सीना संगमावर गेलो. तिथल्या मंदिरात डबा ठेवायचा नाही हे आम्ही आधीच ठरवले होते, कारण अशा जुन्या वास्तूत काही दडवणे योग्य नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यालाही मी हेच लागू करीन. त्याऐवजी आम्ही मंदिरातल्या जुन्या मराठी शिलालेखाचा उपयोग केला. अक्षांशाचे मिनिटांनंतरचे तीन अंक रिकामे सोडून चिठ्ठीत एवढेच लिहिले: ‘लेखाचा काळ इथे भरा.’ एकाने इसवी सन १०१८ हे वर्ष सांगितले, पण ते चार अंकी होते आणि जागा तीनच होत्या. तिघेही तुळईखाली उभे राहून पुन्हा लेखाकडे पाहू लागले. तुळईवरच्या लेखात ‘वाछितो विजेया होईवा’, म्हणजे वाचील तो विजयी होईल, असे शब्द आहेत. ते बोटाने हवेत गिरवत वाचता वाचता एकाला सुचले की लेखात शक असणार. १०१८ मधून ७८ वजा केले आणि ९४० मिळाले.

डबा मंदिराच्या आवाराबाहेर, मालकांची परवानगी घेऊन, एका शेतातल्या चिंचेच्या बुंध्याशी ठेवला होता. वहीत तिघांनी नावे लिहिली तेव्हा साडेसहा वाजले होते, आणि चिंचेखाली इतका अंधार झाला होता की तारीख फोनच्या उजेडात लिहावी लागली. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा शेवटचा डबा चारच्या आत हाती येईल अशा बेताने निघा.