वाचकांचे प्रश्न : ‘ऑटम लीव्हज’च्या कॉर्ड्स कशा भराव्यात?

प्रश्न : लहानपणी पेटी शिकलो, निवृत्तीनंतर गेली चार वर्षे पियानो वाजवतो आहे. ‘ऑटम लीव्हज’ हे जॅझमधले गाणे मी ई मायनरमध्ये वाजवतो. लीड शीटवर, म्हणजे चाल आणि कॉर्ड्सची नावे एवढेच असलेल्या कागदावर, लिहिलेल्या कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) डाव्या हाताने चार-चार स्वरांत धरतो आणि उजव्या हाताने चाल वाजवतो. चूक काही होत नाही, पण वाजवणे कोरडे वाटते. म्हणून प्रत्येक कॉर्डमध्ये तिच्या मूळ स्वरापासून मोजलेला नववा आणि तेरावा स्वर घालून पाहिला, तर काही ठिकाणी चालच खुपू लागली. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही निवडलेले गाणे या अभ्यासासाठी फार उत्तम आहे. हंगेरीत जन्मलेल्या जोसेफ कोस्मा यांनी 1945 मध्ये पॅरिसमध्ये बांधलेल्या या चालीत कॉर्ड्सची निम्मी कामगिरी चाल स्वतःच पार पाडते, आणि तुमच्या वाजवण्यातला कोरडेपणा नेमका तिथूनच येतो, असे मला वाटते.

पहिल्या आठ बारमध्ये, म्हणजे तालाच्या आठ खंडांत, चाल ज्या स्वरांवर लांब थांबते ते पाहा : ए मायनरवर सी, जी मेजरवर बी, एफ शार्प हाफ डिमिनिश्डवर ए आणि शेवटी ई मायनरवर जी. चारही ठिकाणी तो त्या कॉर्डचा तिसरा स्वर आहे. शिवाय हा स्वर पुढच्या बारमध्ये रेंगाळतो, तेव्हा तो नव्या कॉर्डचा सातवा स्वर होतो. ए मायनरवरचा सी डी सेव्हनवर टिकून राहतो, तसाच. असे असताना डाव्या हाताने पुन्हा चारही स्वर धरले, तर चालीत आहे तेच खाली दुसऱ्यांदा ऐकू येते आणि मधली जागा बुजून जाते.

म्हणून आधी डाव्या हातात फक्त दोन स्वर ठेवा, एक मूळ स्वर (ज्यावरून कॉर्डला नाव पडते तो) आणि दुसरा आलटून-पालटून सातवा किंवा तिसरा : ए-जी, डी-एफ शार्प, जी-एफ शार्प, सी-ई, एफ शार्प-ई, बी-डी शार्प, ई-डी. प्रत्येक जोडीतला वरचा स्वर मधल्या सीच्या खालच्या सप्तकात ठेवा आणि आठही बार केवळ ते वरचे स्वर सलग वाजवून पाहा. जी, एफ शार्प, ई, डी शार्प, डी अशी उतरती ओळ ऐकू येईल. वर चालही सी, बी, ए, जी अशीच उतरत असते. दोन बोटे आणि चाल एवढ्यात कॉर्ड पूर्ण होते, आणि दोन ओळी एकमेकींना सोबत घेऊन उतरू लागतात. हे कानात पक्के बसेपर्यंत काहीही वाढवू नये, असा माझा आग्रह आहे.

आता खुपण्याविषयी. मायनर कॉर्डमध्ये नववा आणि तिसरा यांत अर्ध्याच स्वराचे अंतर असते. ए मायनरवर चाल सी धरून असताना तुम्ही खाली बी घातला की दोन्ही स्वर एकमेकांना घासतात. ई मायनरवर एफ शार्प आणि जी यांचेही तेच होते. एफ शार्प हाफ डिमिनिश्डचा नववा स्वर, जी शार्प, तर ई मायनरच्या स्वरांबाहेरचाही आहे. या तिन्ही ठिकाणी नववा वगळा आणि उजव्या अंगठ्याने अनुक्रमे ई, बी आणि सी असा एकेकच स्वर चालीच्या खाली ठेवा. जी मेजरवर मात्र नववा, म्हणजे ए, अवश्य घ्या. बीपासून तो पूर्ण स्वराच्या अंतरावर असल्यामुळे घर्षण न होता उजळपणा येतो. डी सेव्हनवर तेरावा, म्हणजे बी, हवा असेल तर चालीतला सी सुटून डी वाजेपर्यंत थांबा. एका मात्रेचा हा धीर पुष्कळांना जमत नाही.

बी सेव्हनवर पुस्तके बहुधा नववा स्वर अर्धा स्वर उतरवून सी घ्यायला सांगतात. इथे चाल बी, सी शार्प, डी शार्प अशी चढते, त्यामुळे तो सी चालीशी भांडतो. त्याऐवजी जी घेऊन पाहा. पुढच्या ई मायनरची चाहूल त्यात आधीच लागते.

हे रुळले की डी सेव्हनच्या जागी ए फ्लॅट सेव्हन आणि बी सेव्हनच्या जागी एफ सेव्हन घ्या. दोघांचे तिसरा-सातवा स्वर तेच असतात, फक्त उलटे. त्यामुळे चाल बिघडत नाही आणि खर्ज ए, ए फ्लॅट, जी असा सरकत उतरतो. एफ सेव्हनमधला पाचवा स्वर, सी, मात्र गाळायलाच हवा, कारण चालीत पुन्हा सी शार्प येतो.

जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या या गाण्याच्या 1959 च्या ध्वनिमुद्रणात डावा हात पुष्कळदा मूळ स्वर घेतच नाही, हे तुम्ही ऐकले असेल. तिथे स्कॉट लाफारो यांचा डबल बास होता. तुम्ही एकटे वाजवता, तेव्हा मूळ स्वर सोडण्याची घाई नको. शेवटच्या ई मायनरवर मात्र डाव्या हातातला डी उचलून त्याच्या अर्धा स्वर खाली सी शार्पवर उतरा आणि पेडल धरून ठेवा; ती उतरती ओळ तिथे आणखी एक पायरी खाली जाते.