घरात स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली तर ती भिंतीपार जाऊ शकते का?

हो, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा फार सहज. जिप्सम बोर्डची (कागदी आवरणातल्या प्लास्टरच्या फळ्यांची) आतली भिंत म्हणजे साधारण १२-१३ मिमी जाडीचे दोन बोर्ड आणि मध्ये पोकळी. ९ मिमी पिस्तुलाची गोळी अशा एकापाठोपाठ दोन-तीन भिंती पार करूनही जीवघेणी राहते. भरीव वीट किंवा काँक्रीट पिस्तुलाची गोळी सहसा अडवतं, पण तिथून ती उसळून भलतीकडे जाऊ शकते. शिवाय दारं-खिडक्या असतातच.

हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी घेतली की प्रश्न सुटला, हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो. ती शरीरात फुलते, पण भिंतीतून जाताना खळग्यात जिप्समचा भुगा भरला तर फुलतच नाही आणि साध्या गोळीसारखी पुढे जाते. शॉटगनचे मोठे छरेही अशा भिंती भेदतात. उलट, ५.५६ मिमी रायफलची हलकी, वेगवान गोळी कधीकधी लवकर कोलांटते किंवा फुटते. तरी तीही भिंतीपार जातेच.

मुळात घाबरलेल्या माणसाचा नेम चुकतो, आणि चुकलेली प्रत्येक गोळी भिंतीतच जाते. म्हणून मुलं कुठल्या भिंतीपलीकडे झोपतात, शेजाऱ्यांची खोली कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवा. त्याहून बरं म्हणजे सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, पोलिसांना फोन करा.