जुन्या ली-एनफिल्ड रायफलवर भोक न पाडता दुर्बीण बसवता येते का?

येते. साताऱ्यात बसून विचारताय, पण रायफल अमेरिकेतल्या मामेभावाची आहे हे बरं, आपल्याकडे ही .303 मापाची रायफल 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापात मोडते, साध्या लायसन्सवर मिळत नाही.

नंबर 4 मॉडेल असेल तर 'नो-ड्रिल' माउंट, म्हणजे भोक न पाडता बसणारी दुर्बिणीची बैठक, घ्यायला सांगा. मागची साइट (नेम धरायची खूण) तिची पिन काढून उतरवायची, माउंट त्याच पिनेच्या भोकात आणि डाव्या बाजूच्या इजेक्टर स्क्रूच्या (रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या स्क्रूच्या) भोकात बसतो. धातूला हात लागत नाही. एक अडचण मात्र राहते: चार्जर क्लिपची, म्हणजे गोळ्या एकदम भरायच्या पट्टीची, वाट अडते, गोळ्या एकेक करून भराव्या लागतात. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद, लॉकटाइट, निळा चालेल, लाल नको, पुढे सहज सुटणार नाही. दुर्बीण उंच बसते, म्हणून दस्त्यावर दोरीने आवळायची गालाची गादी लागेलच. पट्टा मूळच्या कड्यांतच अडकवावा.

काढलेली साइट, पिन, स्क्रू चिठ्ठी लावून डबीत ठेवा. अपशिंग्यासारख्या फौजी गावाशेजारी राहणाऱ्याला जुन्या हत्याराची किंमत वेगळी सांगायला नको, पण संग्राहकही ड्रिल मारलेल्या रायफलीचा भाव सरळ पाडतात. माझं मत विचाराल तर नंबर 4 ची मूळ साइटच इतकी चांगली आहे की दुर्बिणीची घाई करू नये.