गोव्यात नदीकाठच्या खाजन जमिनीत घर बांधता येईल का?

नाही. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची शेती. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे, खाजनात बांधकाम चालत नाही. एजंट ‘पुढे सेटलमेंट करून देतो’, म्हणजे जमीन वस्तीच्या झोनमध्ये बदलून देतो, म्हणाला तरी बयाणा देऊ नका. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा सरकारी उतारा) काढा, त्यात ‘खाजन’चा वेगळा रकानाच असतो.

खाजनाच्या बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेची, लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पावसाचं पाणी नदीत जातं. तिथे भराव टाकला की तेच पाणी शेजाऱ्याच्या अंगणात. आणि शोषखड्डा? हातभर खाली पाणी लागतं तिथे मैला झिरपणार नदीतच, जिथे गाव तिसऱ्यो (खायचे शिंपले) वेचतं. घर हवंच तर सेटलमेंट झोनमध्ये, उंचवट्यावर बघा.