सुट्टीतली शाळा: गच्चीवर सावली मोजा

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. मे महिन्यात त्याला घरी, फारसा खर्च न करता काय शिकवता येईल? – एक पालक, लातूर

उत्तर: शून्य सावलीचा दिवस पकडा! लातूरला १३ मेच्या, नांदेडला १६ मेच्या आणि छत्रपती संभाजीनगरला १९ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. बाराला नव्हे, लातूरला साधारण १२.२० ला, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात आणि लातूर त्याच्या पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य उशिरा माथ्यावर येतो.

पुठ्ठ्यावर ३० सेंमीची सरळ काडी उभी चिकटवा. एप्रिलअखेरपासून रोज १२ ते १२.४० दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली उत्तरेकडे पडेल, दिवसागणिक घटेल आणि त्या दिवसानंतर दक्षिणेला वळेल. हे वळण मुलाला स्वतः सापडू द्या, आधी सांगू नका.

फसतं ते बहुधा उतारामुळे. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ असतो, त्यामुळे काडी कलते. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा, पुठ्ठ्याखाली कागदाच्या घड्या सारून काडी दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आणा.

टोपी, चप्पल हवीच. सूर्याकडे बघायचं नाही.