आधी काकांच्या गोळ्या, मग ‘नीट’

प्रश्न: मी अमळनेर तालुक्यातला कापूस उत्पादक शेतकरी. मुलीला बारावीला 78 टक्के. ‘नीट’ रिपीट केली, तरी 402 गुणच. आता म्हणते, मेडिकल नको, मेंदूतल्या रसायनांवर संशोधन करायचंय. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. अभ्यास सोडून ती काकाच्या गोळ्यांच्या आणि हात थरथरण्याच्या वेळा वहीत लिहीत बसायची. हात फारच थरथरायचे, म्हणून दिवाळीपासून आम्ही गोळ्या बंद केल्या. कोणी पाहुणे आले की त्याला मळ्यात पाठवतो. असले विषय शिकून पोरीच्याही डोक्यावर परिणाम झाला तर? लोक आधीच ‘येडानं घर’ म्हणतात, उद्या स्थळं येतील का? दुसऱ्या रिपीटसाठी लातूरला पाठवू का?

उत्तर: भाऊ, लातूरचं नंतर बघू. गोळ्या कोणाला विचारून बंद केल्या? या आजारात गोळ्या अचानक थांबवल्या की दुखणं उलटण्याचा धोका मोठा असतो. या आठवड्यातच भावाला मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. जळगाव, धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लावा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

हात का थरथरायचे, तेही ऐका. स्किझोफ्रेनियावरची बरीच औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतात. भास-संशय त्यामुळे कमी होतात, पण हालचालींवर ताबा ठेवायलाही डोपामिनच लागतं. मग कंपवातासारखी थरथर येते. त्यावर डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा थरथरीची वेगळी गोळी देतात. कोणत्या गोळीनंतर किती वेळाने हात हलतो, हे त्यांना पेशंटच्या घरच्यांकडून क्वचितच नीट कळतं. तुमच्या मुलीने ते लिहून ठेवलंय. ती वही आणि मुलगी, दोघांना सोबत न्या, आणि आत गेल्यावर तिला बोलू द्या.

विषय शिकून आजार लागत नाही. तसं असतं तर मानसोपचाराचा एकही डॉक्टर शाबूत राहिला नसता. स्थळांचं म्हणाल, तर भावाला मळ्यात लपवून जमवलेलं लग्न ही फसवणूक झाली, आणि ती उघडी पडल्यावर भोगावं मुलीलाच लागेल.

आता तुमचा खरा गैरसमज. मेंदूवर काम करायचं म्हणजे आधी एमबीबीएस, असं तुम्ही (आणि क्लासवाले) धरून चाललात. ज्यूलियस अ‍ॅक्सलरॉड या न्यूयॉर्कच्या मुलाला एकाही मेडिकल कॉलेजने घेतलं नाही. 1933 साली पदवी घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं प्रयोगशाळेत टेक्निशियनची नोकरी केली. पीएच.डी. मिळाली थेट 1955 मध्ये, चाळिशी उलटल्यावर. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. काम झालं की शरीरातली विकरं (एन्झाइम) ते तोडून टाकतात, असा तेव्हा समज होता. अ‍ॅक्सलरॉडनी किरणोत्सारी खूण केलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन मांजरांना टोचून दाखवून दिलं, की ज्या मज्जातंतूने ते सोडलं तोच बरंचसं परत शोषून घेतो. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या हे शोषणच अडवतात. 1970 साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. इतकं लांब कशाला, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य चिंता आणि नैराश्याच्या मेंदूविज्ञानावर काम करतात. त्यांनीही मुंबईत बी.एस्सी.च केलं होतं.

वाट ओळखीचीच आहे: पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी, नाहीतर अमळनेरच्याच प्रताप महाविद्यालयात बी.एस्सी., मग एम.एस्सी. आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, पुढे पीएच.डी.ला मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र) किंवा बंगळुरूचं निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था. तिने रसायनशास्त्र सोडू नये, गणिताला घाबरू नये आणि इंग्रजी वाचन आत्तापासून वाढवावं. दहा-अकरा वर्षं लागतील. नोकरीची हमी मी देत नाही, पण नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.साठी तुम्हाला कापसावर कर्ज काढावं लागणार नाही.

तिला डॉक्टर व्हायचं असतं तर दुसऱ्या रिपीटचा विचार केला असता. तिला व्हायचं नाही. लातूरला अ‍ॅडव्हान्स भरला असेल तर परत मागा.