वाचकांचे प्रश्न : कार्ड घातल्याचे आणि काढल्याचे बोर्डाला कसे कळावे?

प्रश्न : तापमानाच्या नोंदी एसडी मेमरी कार्डावर लिहिणारे एक उपकरण मी तयार केले आहे. सॉकेटमधील कार्ड-डिटेक्ट स्विच (कार्ड आत आहे की नाही हे सांगणारा) मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडून त्यावर इंटरप्ट (पातळी बदलताच चालू काम थांबवून ठरावीक कोड चालवणारी सोय) लावला आहे. कार्ड एकदाच घातले तरी इंटरप्ट अनेक वेळा येतो, कधी कार्ड सुरूच होत नाही आणि कधी संपूर्ण बोर्ड रीसेट होतो. स्विच सदोष असेल काय?

उत्तर : तसे वाटत नाही. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

स्विचची धातूची पाती एकमेकींना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि कार्ड सावकाश सरकवले तर हा काळ आणखी वाढतो. शिवाय स्विच मिटला म्हणजे कार्डाचे सर्व संपर्क पक्के बसले, असे होतेच असे नाही. म्हणून इंटरप्टमध्ये केवळ एक खूण करून ठेवावी, पुढे टायमरच्या साह्याने दर १० मिलिसेकंदांनी पिनची पातळी वाचावी आणि ती सुमारे पाव सेकंद सलग तशीच राहिली तरच कार्ड आले असे मानावे. त्यानंतरची तयारीही वेळ घेणारी असते : वीजपुरवठा स्थिर झाल्यावर किमान १ मिलिसेकंद थांबणे, १०० ते ४०० किलोहर्ट्‌झच्या मंद गतीने किमान ७४ क्लॉक देणे, मग सीएमडी-० व सीएमडी-८ या कार्डाला द्यायच्या आज्ञा आणि कार्ड तयार होईपर्यंत एसीएमडी-४१ ही आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवणे, ज्याला १ सेकंदापर्यंत अवधी द्यावा लागतो. हे सारे इंटरप्टमध्येच उरकण्याचा प्रयत्न केल्यास उर्वरित फर्मवेअर तेवढा वेळ ठप्प होते.

बोर्ड रीसेट होण्याचे कारण बहुधा विजेचे असावे. कार्डातील रिकामे कपॅसिटर पुरवठ्याला अचानक जोडले गेले की क्षणभर मोठा प्रवाह ओढला जातो, ३.३ व्होल्टचा पुरवठा खचतो आणि मायक्रोकंट्रोलरचे कमी व्होल्टेज ओळखणारे सर्किट आपले काम चोख बजावते! कार्डाचा पुरवठा पी-चॅनल मॉसफेटमधून (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) स्वतंत्रपणे, कार्ड बसल्यानंतर आणि हळूहळू चालू करावा, हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. मात्र पुरवठा बंद असताना डेटाच्या आणि क्लॉकच्या पिन उच्च पातळीवर राहू देऊ नयेत. त्यांच्यावरील पुल-अप रेझिस्टरही (पिन एरवी उच्च पातळीकडे ओढून ठेवणारे) याच स्वतंत्र पुरवठ्याला जोडावेत. अन्यथा त्या वाटेने कार्डात वीज झिरपते, ते धड बंद होत नाही आणि पुढच्या वेळी सुरू होताना अडते. आपले दुसरे लक्षण यातूनही उद्भवू शकते.

आणखी एक लक्षात ठेवावे. बोर्ड चालू होण्यापूर्वीच कार्ड आत असेल तर पातळी बदलत नाही, म्हणून इंटरप्टही येत नाही. सुरुवातीला पिन एकदा स्वतंत्रपणे वाचलीच पाहिजे. कार्ड आत गेल्यावर स्विच मिटतो की उघडतो, हेही सॉकेटनुसार बदलते.

प्रश्न : माझ्या सॉकेटला असा स्विचच नाही. कार्ड एसपीआय (चार तारांवरून बिटमागून बिट पाठवणारी) पद्धतीने जोडले आहे. मग काय करावे?

उत्तर : कार्डाच्या डॅट-३ या पिनवर आतून सुमारे ५० किलोओहमचा पुल-अप असतो. बोर्डावर काहीशे किलोओहमचा पुल-डाउन (पिन खालच्या पातळीकडे ओढणारा रेझिस्टर) लावल्यास कार्ड येताच ती पिन वर जाते. परंतु एसपीआयमध्ये हीच पिन चिप-सिलेक्ट (कार्डाला निवडणारी पिन) म्हणून वापरली जात असल्याने ही युक्ती ती मोकळी सोडलेली असतानाच चालते, आणि गुंता वाढतो. त्यापेक्षा दर सेकंदाला सीएमडी-१३ पाठवून कार्डाची स्थिती विचारावी, हे मला अधिक पसंत आहे. कार्ड नसेल आणि उत्तराच्या तारेवर पुल-अप असेल, तर केवळ एफएफ (सर्व बिट १) हे मूल्य परत येते. दोन विचारणांच्या मधल्या वेळात कोणी कार्ड बदलले तरी ते निसटत नाही, कारण वीज तुटलेले कार्ड एसपीआय पद्धतीतून बाहेर पडलेले असते आणि सीएमडी-० मिळेपर्यंत या आज्ञेला योग्य उत्तर देत नाही.

प्रश्न : कार्ड काढल्याचे कळताच फाइल बंद करण्याची सोय केली आहे, तरीही फाइल खराब होते. असे का?

उत्तर : कारण त्या वेळी फार उशीर झालेला असतो. स्विच पालटतो तेव्हा कार्ड निघू लागलेले असते, तर एक ब्लॉक लिहून पूर्ण होण्यास कार्डाला २५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. येण्याची बातमी सावकाश पडताळावी, जाण्याची मात्र पहिल्या इशाऱ्यालाच खरी मानावी, लिहिणे तत्काळ थांबवावे आणि उघड्या फाइलींचे संदर्भ कार्डाला न शिवता टाकून द्यावेत. इशारा खोटा ठरला तर पुन्हा माउंट करण्याचे (कार्डावरील फाइल-व्यवस्था नव्याने उघडण्याचे) कष्ट पडतात, इतकेच. नवीन नोंदी तोवर रॅममध्ये साठवाव्यात. कार्डाची ओळख साठवणाऱ्या सीआयडी रजिस्टरमधील अनुक्रमांकावरून तेच कार्ड परतले हे कळते, पण दरम्यान ते संगणकाला लावून त्यातील फाइली बदललेल्या असू शकतात. म्हणून जुनी फाइल-सारणी वापरू नये, माउंट नव्यानेच करावे.

नुकसान टाळण्याची खरी तजवीज आधीच करावी लागते. फॅटएफएस ही फाइल हाताळणारी लायब्ररी वापरत असल्यास ठरावीक अंतराने एफ_सिंक करावे (रॅममधील उरलेला मजकूर कार्डावर उतरवावा), कार्ड काढण्यापूर्वी दाबायचे एक बटण द्यावे आणि लिहिणे चालू असेपर्यंत एलईडी पेटता ठेवावा.